एक बंडी बरोबर आठ मोटारी

मंडळी, एक सोपं गणित. एक बैलगाडी म्हणजे किती मोटारी?

हसू नका. प्रश्न खरा आहे आणि त्याचं छापील उत्तरही आहे. उत्तर आहे आठ. बैलगाडी, म्हणजे आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडची बंडी, ही सडकेच्या हिशेबात आठ मोटारींच्या बरोबरीची. रेंगीसारखी लहान गाडी असेल तर सहा. घोडागाडी चार, हातगाडी तीन, सायकलरिक्षा दोन, ट्रक किंवा एसटी तीन, मोटरसायकल अर्धी, सायकल अर्धी. हे मी मनचं सांगत नाही. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणून १९३४ साली स्थापन झालेली एक संस्था आहे. आपल्या देशातले रस्ते बहुतेक तिच्याच पुस्तकांवरून बांधले जातात. तिच्या १९९० च्या, गावाबाहेरच्या रस्त्यांसाठीच्या पुस्तिकेत हे कोष्टक आहे. या मापाला म्हणतात ‘पॅसेंजर कार युनिट’, थोडक्यात पीसीयू. शहरातल्या रस्त्यांसाठी त्याच वर्षीची दुसरी पुस्तिका आहे, तिच्यात आकडे थोडे वेगळे आहेत, पण माप तेच. मोटार म्हणजे एक. बाकी सगळं जग त्या मोटारीच्या पटीत.

आता पुढचा प्रश्न. पायी चालणारा माणूस म्हणजे किती मोटारी?

त्या कोष्टकात तो नाहीच. शून्यसुद्धा नाही, शून्य लिहायला निदान एक ओळ तरी लागते.

आजची ही सगळी पोस्ट त्या न लिहिलेल्या ओळीबद्दल आहे. काही नातेवाईकांना वाटेल की ‘याला आता रस्त्यांचं वेड लागलं’. लागू द्या. आपल्याकडे रस्ता रुंद करायचा की नाही, सिग्नल लावायचा की नाही, मॉलला किंवा खाणीला परवानगी दिली तर वाहतुकीवर काय परिणाम होईल, हे सगळं शेवटी कुठल्यातरी कागदावरच्या आकड्यांवर ठरतं. आणि तो आकडा मोजणारी फूटपट्टीच एका बाजूला कललेली आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी पीसीयूची बाजू. माझा एक भाचा सिव्हिल इंजिनिअर आहे, वाहतुकीच्या मोजणीची कामं त्यानं केली आहेत. तो म्हणतो, “मामा, तुम्ही उगाच चिडता. पीसीयू म्हणजे माणसाची किंमत नाही. बंडी हळू चालते, मागच्याला अडवते, म्हणून आठ. पायी माणूस डांबराची जागा खातच नाही, तो कडेनं जातो. मग त्याला आकडा कशाला?”

मी विचारलं, “कडेला आहे काय, बाबू?”

म्हणे, “ते बजेट वेगळं असते.”

भाचा हुशार आहे आणि खोटं बोलत नाही. पण त्याच्याच बोलण्यात सगळी मेख आहे. बंडी आठ का? तर ती मोटारीला आठ मोटारींइतकी अडवते म्हणून. म्हणजे हे माप मोजतं फक्त एकच गोष्ट, मोटारवाल्याला कोणाचा किती त्रास होतो. उलटा प्रश्न कधी विचारलाच जात नाही. सायकलवर शाळेत चाललेल्या पोरीच्या मापानं एक ट्रक केवढा? डोक्यावर मोळी घेऊन कडेनं चाललेल्या बाईच्या मापानं एक हायवा केवढा? ट्रक शेजारून गेला की सायकलचं हॅन्डल हलतं, पोरगी डांबरावरून खाली मुरुमात उतरते, धूळ बसेपर्यंत थांबते, मग पुन्हा वर चढते. याला युनिट कुठलं? कोष्टकात ट्रक मोटारीच्या तिप्पट आहे. त्या पोरीच्या कोष्टकात तो किती पट असेल, कोणी मोजलंय?

आता हे आपल्या दोन जिल्ह्यांना लावून बघू.

गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. १४ हजारांवर चौरस किलोमीटरचा जिल्हा, त्यातला तीन चतुर्थांश जंगल, आणि वर्षानुवर्षं रेल्वेचं स्टेशन म्हणावं तर एकटं देसाईगंज-वडसा. म्हणजे जे काही येणार-जाणार ते सडकेनं. त्याच सडकेवर मार्च-एप्रिलात मोह वेचायला निघालेली माणसं असतात, मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पुडके घेऊन चाललेली असतात, आठवडी बाजाराच्या दिवशी तर रांगच असते. आणि त्याच सडकेवर आता लोहखनिज आहे.

सुरजागडच्या खाणीचं उत्पादन वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर न्यायचं, यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोलीत जनसुनावणी झाली होती. खाण हवी की नको, रोजगार किती, जंगल किती, हा वाद मोठा आहे आणि आज मी त्यात शिरत नाही. मी फक्त पाटीवरचं गणित करतो. समजा, १ कोटी टन माल सगळा सडकेनं न्यायचा. एका ट्रकमध्ये ३० टन धरा. म्हणजे वर्षाला सव्वातीन लाखांच्या वर खेपा, दिवसाला साधारण ९१३. भरलेला ट्रक जातो तसा रिकामा परतही येतो, म्हणजे दिवसाला १८२६ फेऱ्या. चोवीस तासांत सारख्या वाटल्या तर जवळजवळ दर पाऊण मिनिटाला एक ट्रक. रात्री, पहाटे, शाळेच्या वेळी, बाजाराच्या दिवशी, दर पाऊण मिनिटाला एक.

आता हेच मोटारींच्या मापात टाका. मोठे ट्रक म्हणून प्रत्येकी तीनऐवजी साडेचार धरले, तरी दिवसाला ८२०० च्या आसपास पीसीयू होतात. आणि सपाट भागातल्या दोन पदरी रस्त्याला त्याच पुस्तिकेप्रमाणे दिवसाला १५,००० पीसीयू चालतात. म्हणजे कागद काय सांगणार? रस्ता निम्मासुद्धा… बरं, निम्म्याहून थोडा जास्त भरलाय. उरलेली जागा रिकामी आहे. काळजीचं कारण नाही!

कागद खोटं बोलत नाही. त्याला जे विचारलं त्याचं उत्तर तो देतो. पाऊण मिनिटाच्या फटीतून आजीला सडक ओलांडता येते का, हे त्याला कोणी विचारलंच नाही.

(त्यानंतर २०२५ मध्ये हेडरीहून कोनसरीपर्यंत खनिज वाहून नेणारी पाइपलाइन सुरू झाली, हेही सांगायला हवं. माल न्यायचे ट्रकशिवाय दुसरे मार्ग असतात, हे त्यातून दिसलं. मग परवानगीच्या पहिल्या दिवशीच प्रत्येक मार्गाचा परिणाम शेजारी शेजारी मांडून का बघू नये?)

बरं, पायी माणसाचं मोजमाप अजिबातच नाही असं नाही. एक सूत्र आहे, आणि ते वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो. रोड्स काँग्रेसच्याच १९८८ च्या, पादचाऱ्यांच्या सोयीसाठीच्या पुस्तिकेत, चौक नसलेल्या ठिकाणी ओलांडण्याची सोय कधी द्यायचा विचार करावा याचे निकष आहेत. पहिला असा: गर्दीच्या तासात ओलांडणारी माणसं, गुणिले वाहनांच्या संख्येचा वर्ग. हा गुणाकार मधे दुभाजक नसलेल्या रस्त्यावर १० कोटींच्या वर गेला पाहिजे.

करा गणित. तासाला ५०० वाहनं असतील तर वर्ग झाला अडीच लाख. १० कोटी व्हायला तासाला ४०० माणसं ओलांडायला हवीत. तासाला ३०० वाहनं असतील तर ११०० च्या वर माणसं! गडचिरोलीतल्या कितीतरी गावांत एवढी लोकसंख्याच नाही. म्हणजे अख्ख्या गावानं म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट एका तासात सडक ओलांडली, तरी गाव नापास.

वेग जास्त असेल किंवा फार वेळ थांबावं लागत असेल, तर असेही निकष त्यात आहेत, नाही असं नाही. आणि आणखी एक आहे. वर्षभरात त्या जागी पाच किंवा जास्त पादचारी जखमी झालेले असतील तर.

पाच. पहिल्या चौघांनी काय करायचं?

७ ऑगस्ट २०२५ ला आरमोरी-गडचिरोली मार्गावर काटलीजवळ पहाटे व्यायामाला निघालेल्या मुलांना ट्रकनं चिरडलं. सहा मुलं होती, त्यातली चार गेली. आपल्याकडे पोरं पहाटे सडकेवर का पळतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पोलीस भरती, सैन्य भरती, आणि पळायला दुसरी सपाट जागा नाही. त्या पोरांच्या दृष्टीनं ती सडक म्हणजे मैदान होतं. आपल्या कोष्टकाच्या दृष्टीनं ती पोरं तिथं नव्हतीच. अपघात झाल्यावर चालकाला पकडतात, रास्ता रोको होतो, भरपाई जाहीर होते. कोष्टक तसंच राहतं.

हा एकट्या गडचिरोलीचा प्रश्न नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातले ३२,८२५ पायी चालणारे होते. मरणाच्या कोष्टकात त्यांना ओळ मिळते. जिवंतपणी चालताना मिळत नाही.

आता चंद्रपूर शहरात येऊ.

चंद्रपूरच्या लोकांना जटपुरा गेटबद्दल सांगायची गरज नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. गोंड राजांनी बांधलेल्या परकोटाच्या आत आमचं जुनं शहर आहे. परकोटाला चार दरवाजे: जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर. आणि पाच खिडक्या: चोर खिडकी, विठोबा खिडकी, हनुमान, बगड आणि मसण. खिडकी म्हणजे लहान वाट. मला हे नेहमी गमतीचं वाटतं. मोठ्या स्वारीला दरवाजा, साध्या माणसाच्या येण्याजाण्याला खिडकी, अशी दुहेरी सोय त्या काळच्या भिंतीतही होती. आणि आज? जटपुरा गेटमधून संध्याकाळी एकाच कमानीखाली एसटी, ऑटो, स्कूटी, सायकल, हातठेला आणि शाळेचं दप्तर पाठीवर घेतलेलं पोरगं. खिडकी कोणासाठीच नाही.

गेटवरच्या जामचा विषय निघाला की घरोघरी तीच चर्चा. वन-वे करा, बाजूनं वाट काढा, फेरीवाल्यांना उठवा. सगळे उपाय एकाच प्रश्नाचे: गाडी किती मिनिटं थांबली? गेटमधून एका तासात माणसं किती गेली, हा प्रश्न मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकला नाही. एक एसटी शहरी कोष्टकात २.२ ते ३.७ मोटारींएवढी धरतात. तिच्यात ४५ माणसं असतात. तीच ४५ माणसं दोन-दोन करून मोटारीत बसवली तर २३ मोटारी. मोटारींच्या हिशेबात एसटी हे ओझं दिसतं, माणसांच्या हिशेबात तीच सगळ्यात स्वस्त जागा. माप बदललं की गुन्हेगार बदलतो!

महाकालीच्या चैत्र यात्रेचंही बघा. नांदेड-परभणीकडून हजारो भाविक येतात, त्यातले कितीतरी पायी. त्या दिवसांत शहरात सगळ्यात जास्त ‘वाहतूक’ कुठली असते? पायांची. आपण तिला वाहतूक म्हणतच नाही. आपण तिला गर्दी म्हणतो, आणि वाहतुकीला अडथळा म्हणतो.

हा घोळ फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. रस्त्याला ‘ए’ ते ‘एफ’ अशी श्रेणी द्यायची पद्धत मूळ अमेरिकेची, १९६५ च्या त्यांच्या हायवे मॅन्युअलमधली. तिच्यापायी सॅन फ्रान्सिस्को शहरात २००६ ते २०१० अशी चार वर्षं सायकलच्या नव्या पट्ट्या कोर्टात अडकून पडल्या होत्या. पर्यावरणावरच्या परिणामाचा अभ्यास झाला नाही म्हणून! आणि तिथं तेव्हा मोटारींचा चौकातला खोळंबा हासुद्धा पर्यावरणावरचा परिणामच धरत होते. पुढे कॅलिफोर्निया राज्यानं २०१३ साली कायदा केला, आणि १ जुलै २०२० पासून राज्यभर खोळंबा हे माप त्या कामातून काढून टाकलं. नवा प्रकल्प आला तर लोकांना एकूण किती मैल गाडी चालवायला लावेल, हे आता मोजतात. मोटारींचं माहेरघर असलेल्या राज्याला जे सुचलं ते आपल्याला का सुचू नये?

बरं, आपल्याला सुचलेलंही आहे. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात स्वच्छ लिहिलंय की लक्ष वाहनांवर नको, माणसांच्या येण्याजाण्यावर हवं. पुण्यानं २०१६ मध्ये पादचारी धोरण केलं, चेन्नईनं २०१४ मध्ये केलं. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचं २०१७ चं भारतीय मॅन्युअल आहे, त्यात पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र प्रकरणच आहे. म्हणजे पुस्तकं आहेत, धोरणं आहेत. नाही ती एकच गोष्ट: आपल्या शहरानं, आपल्या जिल्ह्यानं ‘आम्ही परिणाम असा मोजू’ म्हणून स्वतःचा केलेला नियम.

आणि गंमत बघा, वाघासाठी आपण हे केलंय. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांना खालून जायला महाराष्ट्राच्या बाजूला नऊ ठिकाणी रचना केल्या. भारतीय वन्यजीव संस्थेनं कॅमेरे लावून कोण जातं, किती वेळा जातं, हे मोजलं. वाघही त्यातून गेले. मला याचा आनंदच आहे. ताडोबाच्या जिल्ह्यातला माणूस आहे मी, वाघाशी माझं भांडण नाही. उलट त्यानंच सिद्ध केलंय की मोजायचं ठरवलं तर चार पायांवर चालणाराही मोजता येतो. मग दोन पायांवर चालणाऱ्याचं काय अवघड आहे?

माझ्या मागण्या फार नाहीत.

पहिली: मोजणी वाहनांची नको, माणसांची हवी. एसटीत ४५ तर ४५ लिहा, मोटारीत एक तर एक. पायी आणि सायकलला स्वतःचा रकाना. आणि मोजणी शाळा सुटायच्या वेळी, बाजाराच्या दिवशी, तेंदूच्या हंगामातही.

दुसरी: खोळंबा सगळ्यांचा मोजा. मोटार सिग्नलला किती सेकंद थांबली तसं आजी कडेला किती सेकंद थांबली तेही लिहा. दोन्ही आकडे एकाच पानावर.

तिसरी: चालायला सलग आणि कोरडी जागा किती आहे ते मीटरमध्ये लिहा. रोड्स काँग्रेसची २०१२ ची पुस्तिकाच फूटपाथला किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगते. पार्किंग, डीपी आणि ठेला वजा करून जे उरतं ते लिहा.

चौथी: मॉल, मंगल कार्यालय, खाण, कारखाना, काहीही असो. परवानगीआधी हे पान भरलेलं हवं आणि ते मराठीत लावलेलं हवं, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर किंवा झोन ऑफिसच्या दारावर. एका रकान्यात सुधारणा आणि दुसऱ्यात बिघाड होत असेल तर बिघाडाची भरपाई काय, तेही त्याच पानावर.

चंद्रपूरची महानगरपालिका २०११ साली झाली. एवढा ठराव करायला तिला कोणी अडवलेलं नाही. गडचिरोलीत जिल्हा रस्ता सुरक्षा समिती आहे, तिलाही हे पान मागता येईल.

आता आक्षेप. आमचे एक काका म्हणतील, “रस्ता झाला म्हणून तर बाळंतीण वेळेवर दवाखान्यात पोचते. आधी खाटेवर घालून न्यायचे, विसरलास काय?” नाही काका, विसरलो नाही, आणि भामरागड-एटापल्लीकडच्या आतल्या पाड्यांवरून अजूनही खाटेवरून नेल्याच्या बातम्या येतात. रस्ता हवाच. पण खाटेवरून नेणारे चार जण हेसुद्धा वाहतूकच होते ना? त्यांना रकाना असता तर तो रस्ता आधी झाला असता. मोटारी जिथं जास्त तिथं रस्ता रुंद, आणि मोटारी जिथं नाहीत तिथं रस्त्याची गरजच दिसत नाही, हा त्याच मापाचा दुसरा परिणाम आहे.

दुसरा आक्षेप पैशांचा. मोजायला पैसे लागत नाहीत हो! दोन कॉलेजची पोरं, एक पॅड, एक घड्याळ. आणि आपलं सरकार मानव विकास कार्यक्रमातून याच जिल्ह्यांतल्या मुलींना सायकली देतं, निळ्या बस चालवतं. उत्तम योजना आहे. पण एक खातं पोरीला सायकल देतं आणि दुसरं खातं तीच सायकल अर्धी मोटार म्हणून लिहितं, तेही मोटारीच्या वाटेतला अडथळा म्हणून. दोन्ही खात्यांनी एकदा एकाच टेबलावर बसावं, एवढंच.

असो. लांबण लागली. पण नुसतं वाचून ‘छान लिहिलंय’ म्हणू नका, एक काम करा. येत्या आठवड्यात आपल्या घराजवळच्या चौकात संध्याकाळी एक तास उभं राहा. कागदावर रकाने पाडा: पायी, सायकल, दुचाकी, ऑटो, मोटार, बस, ट्रक. वाहनं मोजा, आतली माणसंही मोजा. चंद्रपूरवाले गेटवर, गडचिरोलीवाले इंदिरा गांधी चौकात, पुण्या-मुंबईचे ब्लॉगकर आपापल्या नाक्यावर. आकडे मला कळवा, मी सगळे एकत्र करून मांडीन. भाच्यालाही उभं करणार आहे. तो बंडी आली की आठ लिहील, मी तिच्यात बसलेली माणसं लिहीन. मग बघू कोणाची बेरीज खरी निघते.